कामावरचं समाधान आणि एचआरचा कारभार: खानदेशातून वारंवार येणारे प्रश्न

हे प्रश्न जळगाव, भुसावळ, धुळे, शिरपूर, दोंडाईचा, नंदुरबार अशा सगळीकडून आले आहेत. निम्मे कामगारांचे. उरलेले मालकांचे, सुपरवायझरांचे आणि ऐन परीक्षेच्या तोंडावर प्रोजेक्ट उरकणाऱ्या एमबीएच्या मुलामुलींचे. एकाच प्रश्नाचे वीस-वीस अवतार होते, ते एकत्र केलेत. मी स्वतः कारखान्यांत पर्सोनेलच्या टेबलावर केस पांढरे केलेत, म्हणून मतं माझी आहेत. कायदा मात्र जसा आहे तसा.

१. एचआर म्हणजे नक्की काय? आमच्याकडे तर मस्टर सांभाळणारा आणि मेमो वाटणारा माणूस म्हणजेच एचआर.

तुम्हाला दिसतो तो त्याचा एक कोपरा. माणूस निवडणं, काम शिकवणं, पगार ठरवणं आणि वेळेवर देणं, रजा, बढती, तक्रार ऐकणं, शेवटी सोडताना हिशेब चुकता करणं, हे सगळं त्यात येतं. जुन्या कारखान्यांत याच टेबलाला 'टाइम ऑफिस' म्हणायचे. दालमिलमध्ये हे काम मुनीमजी करतात, सोन्याच्या पेढीवर शेठजींचा थोरला मुलगा. दारावर पाटी नसली तरी एचआर असतंच. कुठे ते ठरवून चालतं, कुठे मालकाच्या मूडवर.

२. कर्मचारी समाधानी आहे म्हणजे तो खुश आहे, असंच ना?

नाही. पाइपच्या कारखान्यातला एखादा ऑपरेटर मशीनवर जीव लावतो, सोबत्यांशी त्याचं जमतं, पण पगाराचा विषय निघाला की तोंड फिरवतो. तो समाधानी की असमाधानी? म्हणूनच १९६९ मध्ये अमेरिकेत तयार झालेल्या, आजही वापरात असलेल्या एका प्रश्नावलीत पाच गोष्टी वेगवेगळ्या विचारल्या आहेत: काम, पगार, बढती, वरिष्ठ आणि सोबतचे लोक. पाचांची गोळाबेरीज करून एकच आकडा काढला की दुखणं कुठे आहे तेच हरवतं. प्रोजेक्टवाल्या मुलांनी हे आधी लक्षात घ्यावं, बाकीचं प्रश्न १५ मध्ये आहे.

३. पगार वाढवला की माणसं समाधानी होतात. एवढं साधं असताना बाकीचं कशाला?

हा मालकांचाही आवडता प्रश्न आहे आणि कामगारांचाही. मालक पुढे म्हणतात, 'आणि पगार वाढवणं परवडत नाही.' म्हणजे विषय तिथेच मिटला!

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिट्सबर्ग भागातल्या सुमारे २०० अभियंत्यांना आणि हिशेबनीसांना दोनच गोष्टी विचारल्या: कामावर फार बरं कधी वाटलं होतं आणि फार वाईट कधी? १९५९ मध्ये आलेला निष्कर्ष असा, की वाईट वाटण्याच्या गोष्टींत कंपनीचे नियम, वरिष्ठांची वागणूक, पगार, कामाची जागा हे जास्त येतं. बरं वाटण्याच्या गोष्टींत काम तडीस नेणं, कुणीतरी दखल घेणं, जबाबदारी मिळणं. पगार कमी पडला तर माणूस चिडतो, पुरेसा झाला तर चिडणं थांबतं, पण तेवढ्याने तो कामात रमेलच असं नाही. यावर टीकाही झाली: बरं झालं तर श्रेय स्वतःला आणि बिनसलं तर खापर कंपनीवर, हा माणसाचा स्वभावच आहे. टीका रास्त आहे. तरी पुढे २०१० मध्ये बऱ्याच अभ्यासांचे आकडे एकत्र केले गेले, तेव्हाही पगाराची पातळी आणि कामाचं समाधान यांचा संबंध फिकाच निघाला, ०.१५ च्या आसपास (० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण).

मग पगारावरून एवढी भांडणं का? कारण माणूस स्वतःचा पगार एकट्याचा मोजत नाही, शेजारच्याशी लावून बघतो. १८ हजारांवर बरा चाललेला माणूस, काल लागलेल्या पोराला १९ हजार दिले कळल्यावर त्याच दिवशी बिनसतो. आकडा तोच, मन बदललं. आणि अवधान एमआयडीसीत कळलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत धुळ्यात चहाच्या टपरीवर असते. पगार गुप्त ठेवण्याच्या भानगडीत पडू नका. कोणाला किती आणि का, हे सांगता येईल असाच ठेवा.

४. पगार होतो, पण तारखेचा भरवसा नाही. कधी ७, कधी १५, कधी २०. पैसे बुडत तर नाहीत, मग लोक एवढे नाराज का?

माझ्याकडे आलेल्या सगळ्या प्रश्नांत हा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

मी पहिल्यांदा लागलो त्या कारखान्यात पगार आसपासच्या कारखान्यांपेक्षा बरा होता, पण तारीख कुणालाच ठाऊक नसायची. पाच तारीख उलटली की टाइम ऑफिसच्या खिडकीशी एकच विचारणा: 'पगार कव्हय व्हई?' मला उत्तर माहीत नसायचं. मी 'दोन-तीन दिवसांत' म्हणायचो, कारण मलाही तेच सांगितलेलं. तिसऱ्यांदा असं सांगितलं तेव्हा एक वयस्क हेल्पर तात्या काही बोलले नाहीत, नुसतं हसले. ते हसणं मला अजून आठवतं.

कामगाराच्या घरचा महिना तारखांवर बांधलेला असतो. गाडीचा हप्ता ५ ला, बायकोच्या बचतगटाची बैठक १० ला, किराणावाल्याचं खातं महिनाअखेर. पगार दहा दिवस लांबला की हप्ता चुकतो, बँक दंड लावते, आणि गटात चारचौघींत मान खाली जाते. तिथे नाव पगाराचं निघत नाही, कंपनीचं निघतं.

कायद्याचं म्हणाल तर महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत द्यायचा. ग्राहकाकडून पैसे आले नाहीत हे कारण त्यात कुठेही लिहिलेलं नाही. उशीर होणारच असेल तर ४ तारखेलाच फलकावर लिहा: 'या महिन्यात पगार ९ ला.' आणि ९ लाच द्या. दोनदा असं पाळलं तर तिसऱ्यांदा खिडकीशी कोणी येत नाही. पैसे न लागता होणारी इतकी मोठी सुधारणा मी दुसरी पाहिली नाही.

५. नेमणूकपत्र नाही, पगाराची स्लिप नाही. काम चाललंय ना? कागदाचा आणि समाधानाचा काय संबंध?

आपल्याकडे अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सालदाराचं, म्हणजे वर्षभरासाठी ठेवलेल्या शेतगड्याचं, साल ठरतं तेव्हा रोख किती, धान्य किती, कपडे कोणते, उचल किती, हे सगळं बोललं जातं. कागद नसतो, पण गोष्ट उघड असते. कारखान्यात मात्र कित्येकांना आपला मूळ पगार किती, भत्ता किती, ओटी (ओव्हरटाइम) कशावर मोजतात हेच ठाऊक नसतं. स्लिप हातात नसली की प्रत्येक कपात चोरी वाटते, खरी असली तरी.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता, म्हणजे जुने कामगार कायदे एकत्र करून केलेले नवे कायदे, लागू झाल्या आहेत आणि त्यांत प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणं सक्तीचं आहे. स्लिप मराठीत द्या. आणि पीएफचा यूएएन नंबर (नोकरी बदलली तरी तोच राहणारा खाते क्रमांक) कामगाराला ठाऊक हवा, तो कंपनीच्या कपाटात ठेवायची वस्तू नव्हे.

६. नव्या संहितांमुळे हातात येणारा पगार कमी होणार का?

सगळ्यांचा नाही. भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याहून जास्त असतील, तर वरचा भाग 'वेतना'त धरला जातो, आणि पीएफ, ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना मिळणारी एकरकमी रक्कम) त्यावर मोजली जाते. ज्यांचा पीएफ आधीच १५ हजारांच्या मर्यादेवर कापला जातो, त्यांच्या कपातीत त्यामुळे फरक पडण्याचं कारण नाही. ग्रॅच्युइटीचा आकडा मात्र वाढू शकतो. हे कामगारांना समजावून सांगणं एचआरचं काम आहे. नाहीतर व्हॉट्सॲपवर कुणीतरी आधीच समजावलेलं असतं.

७. आम्ही भुसावळहून जळगावला अप-डाऊन करतो. गाडी लेट झाली की लेटमार्क, आणि तीन लेटमार्कला अर्धा दिवस कापतात. हे बरोबर आहे का?

नाही. माणूस जितका वेळ गैरहजर, तितक्याच प्रमाणात पगार कापता येतो. हा नियम १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यात होता आणि आताच्या वेतन संहितेतही आहे. दहा-दहा मिनिटं तीनदा उशीर म्हणजे अर्धा तास. अर्धा दिवस कुठून आला?

पैशापेक्षा इथे अपमान मोठा असतो. ताप्ती लाइनने अमळनेर, धरणगावहून येणारा माणूस पहाटे उठून स्टेशन गाठतो, गाडी आउटरला उभी राहते, आणि गेटवर बायोमेट्रिक यंत्र त्याला आळशी ठरवतं. ज्या कारखान्यात निम्मे लोक रेल्वेने येतात तिथे पाळीची वेळ गाडीच्या वेळेला धरून लावा. आठऐवजी सव्वाआठ केल्याने उत्पादन बुडत नाही. महिन्यातून दोन-तीन वेळा पंधरा मिनिटांची सूट लेखी द्या. रोजच उशिरा येणाऱ्याशी वेगळं बोला, त्याची शिक्षा सगळ्या डब्याला नको.

८. अखाजी, कानबाई, होळी... प्रत्येक सणाला रजा दिली तर कारखाना कसा चालवायचा?

मालकहो, रजा तुम्ही दिली नाहीत तरी माणूस जाणारच आहे. प्रश्न एवढाच, की सांगून जाईल की खाडा करून.

बाहेरून आलेल्या मॅनेजरांना आमच्या सणांचं वजन कळत नाही. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघरी कानबाई, ही खानदेशची देवी, बसते, सोमवारी विसर्जन. तिच्या नैवेद्याचे रोट घरच्यांनी आणि भाऊबंदांनीच खायचे असतात, त्यामुळे 'घरचे करून घेतील' हे तिथे चालत नाही. अखाजीला लेकी-बहिणी माहेरी येतात. चैत्रात वणीच्या गडावर पायी जाणारे असतात. आणि धडगाव-अक्कलकुवा भागातल्या पोरांना होळीला गावी जाऊ दिलं नाही, तर ती होळीनंतरही येत नाहीत. पुण्याहून आलेला सुट्ट्यांचा तक्ता इथे जसाच्या तसा चिकटवणं हा असमाधान विकत घेण्याचा स्वस्त मार्ग आहे.

काय करावं? वर्षाच्या सुरुवातीला खात्याखात्यातून विचारा, कोणाला कोणता सण हवा. सगळ्यांना सगळं मिळत नाही, हे लोकांनाही कळतं. यंदा कानबाईला जो थांबला, त्याला पुढच्या वर्षी पहिला मान, आणि हे वहीत लिहिलेलं असावं. अर्जाला दोन दिवसांत हो किंवा नाही असं उत्तर द्या. 'बघू' हे उत्तर नाही. 'नाही' ऐकून माणूस नाराज होतो, 'बघू' ऐकून मात्र तो खोटं बोलायला शिकतो. मग एकाच आजीचं दोनदा निधन होतं.

कायद्याची हक्काची रजा २० दिवस कामाला १ दिवस या हिशेबाने जमते. राज्याच्या २०१७ च्या कायद्यात बसणाऱ्या दुकानांना आणि ऑफिसांना त्यानुसार वर्षाला ८ नैमित्तिक रजा वेगळ्या आहेत. हे कोणी उपकार म्हणून देत नाही.

९. उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये काम करवत नाही. हा एचआरचा विषय आहे का?

जळगाव-भुसावळात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, त्यामुळे आहेच. पाळी पहाटे लवकर सुरू करा, दुपारी १२ ते ४ जड काम टाळा, गार पाणी मशीनपासून वीस पावलांवर ठेवा. 'समर एंगेजमेंट प्रोग्रॅम' नावाचा केक कापण्याचा कार्यक्रम एकदा मी पाहिला आहे. कूलर बंद होता.

१०. पगार ठीक, सुट्टी ठीक. पण सुपरवायझर असा आहे की रोज नोकरी सोडावीशी वाटते. एचआर काय करू शकतं?

बरंच काही, पण सहसा करत नाही. कामगारासाठी कंपनी म्हणजे जळगाव किंवा मुंबईतलं ऑफिस नसतं, त्याचा सुपरवायझर असतो. आपल्याकडे सर्वांत चांगल्या ऑपरेटरला सुपरवायझर करतात. त्याला मशीन येतं, माणसं सांभाळणं कोणी शिकवलेलं नसतं. म्हणून त्याला स्वतः जसं वागवलं गेलं तसंच तो वागवतो, चारचौघांत आवाज चढवून.

बढतीआधी महिनाभर त्याला गैरहजर सुपरवायझरच्या जागी उभा करून बघा. चूक झाली तर बाजूला नेऊन सांगायचं, कौतुक सगळ्यांसमोर, हे सांगायला कॉर्पोरेट ट्रेनर लागत नाही. आणि तक्रारीला दुसरी वाट ठेवा. सुपरवायझरची तक्रार सुपरवायझरकडेच द्यायची असेल तर ती येणारच नाही. मग 'आमच्याकडे तक्रारच नाही' असं तुम्ही अभिमानाने सांगाल.

११. यंदा पगारवाढ देणं खरंच शक्य नाही. लोकांना कसं सांगू?

खरं सांगा, लवकर सांगा, स्वतः सांगा. अमेरिकी संशोधक जेराल्ड ग्रीनबर्ग यांचा १९९० चा अभ्यास इथे कामाचा आहे. एका अमेरिकी कंपनीने ऑर्डर गेल्यामुळे दोन कारखान्यांत दहा आठवड्यांसाठी १५ टक्के पगारकपात केली. एका ठिकाणी वरिष्ठांनी सगळ्यांना बसवून कारण, आकडे सांगितले, वाईट वाटतंय हेही बोलून दाखवलं, प्रश्न घेतले. दुसऱ्या ठिकाणी थोडक्यात उरकलं. कपात तेवढीच होती, पण दुसऱ्या कारखान्यात चोऱ्या कितीतरी जास्त झाल्या आणि काम सोडणारेही जास्त निघाले.

एक पथ्य: त्याच महिन्यात मालकाच्या दारात नवी गाडी उभी राहू नये.

१२. माझ्याकडे कायम आणि ठेकेदाराचे कामगार एकाच मशीनवर आहेत. ठेकेदाराची माणसं माझी जबाबदारी नाहीत ना?

ठेकेदाराने पगार बुडवला तर तो मूळ मालकाने द्यायचा असतो, म्हणजे जबाबदारी आहेच. आणि समाधानाच्या बाजूने बघाल तर हीच सर्वांत दुखरी जागा आहे. काम तेच, पाळी तीच, पण कँटीनमध्ये ताट वेगळं, गणवेश वेगळा, दिवाळीला एकाला बोनस आणि दुसऱ्याला सोनपापडी. प्रश्न ३ मधली शेजारच्याशी तुलना इथे रोज, आठ तास चालते. ठेकेदाराची मुलं मला सांगायची, 'आमले कोन इचारस?' पगारातला फरक एका दिवसात मिटवता येणार नाही, पण जेवण, पाणी, सुरक्षेचे बूट आणि हाक मारायची पद्धत उद्यापासून सारखी करता येते. 'ए ठेकेदारवाले' ऐवजी नाव घ्या.

१३. बायकांना कामावर घेतो, पण सहा महिन्यांत सोडून जातात. का?

आधी स्वच्छतागृह बघा. तिथे कडी लागते का, पाणी आहे का. बऱ्याच ठिकाणी उत्तर तिथेच सापडतं. मग सुटण्याची वेळ: शेवटची एसटी गेल्यावर ओटीला थांबवलं तर ती घरी कशी जाणार? रात्रपाळी तिच्या संमतीने आणि ने-आण करण्याच्या सोयीसह.

बाळंतपणाची पगारी रजा पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे आहे. ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघर हवं. १० किंवा जास्त असतील तर लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती २०१३ च्या कायद्याने बंधनकारक आहे. समितीतल्या बायकांची नावं फलकावर असून कामगार बाईला ती माहीत नसतील, तर समिती कागदावरच आहे.

१४. आम्ही १२ जण आहोत. एचआर ठेवणं परवडत नाही. यातलं आम्हाला काय लागू?

माणूस ठेवू नका, वही ठेवा. हजेरी, रजा, उचल, पगाराची तारीख. १० झालात की ग्रॅच्युइटी, ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा), अंतर्गत समिती यांचं बघावं लागतं, २० ला पीएफ. लहान जागेचा फायदा असा, की मालक प्रत्येकाला नावाने ओळखतो, त्याच्या घरच्या लग्नाला जातो. तोटाही तिथेच आहे: नात्यातल्या पोराला सूट आणि बाकीच्यांना नियम. बारा जणांत हे लपत नाही. उचल मागायला आलेल्याला मोजून दिलं तरी चालेल, पण दुसऱ्याला दिली नाही तर कारण सांगता आलं पाहिजे.

१५. सर्व्हे केला. सगळ्यांनी 'अतिशय समाधानी' वर टिक केली. पुढच्याच महिन्यात चौघांनी राजीनामा दिला. कसं काय?

फॉर्म कोणी वाटले? सुपरवायझरने. गोळा कोणी केले? त्यानेच. मग कोण खरं लिहील!

विद्यापीठाच्या प्रोजेक्टसाठी येणाऱ्या मुलांनाही हेच सांगतो. इंग्रजी प्रश्नावलीचं शब्दशः मराठी करून नेऊ नका. 'माझ्या संस्थेची ध्येयधोरणे मला प्रेरित करतात' यावर दालमिलचा हमाल काय टिक करणार? नाव नको, कंपनीच्या माणसासमोर नको, आणि जमलं तर अहिराणीत तोंडी विचारा. निष्कर्ष काय निघाला ते परत येऊन सांगा. एकदा विचारून काहीच झालं नाही, तर दुसऱ्या सर्व्हेला लोक टिकसुद्धा मन लावून करत नाहीत.

१६. समाधानी माणूस जास्त काम करतो, हे सिद्ध झालंय का?

संबंध आहे, पण विकणारे सांगतात तेवढा नाही. २००१ मध्ये शेकडो अभ्यास एकत्र करून काढलेला सहसंबंध ०.३० च्या आसपास होता. शिवाय चांगलं काम जमलं म्हणून समाधान वाटतं, असं उलटंही असू शकतं. गैरहजेरी आणि नोकरी सोडण्यावर समाधानाचा परिणाम होतो, तो मात्र टाइम ऑफिसच्या खिडकीतून रोज दिसतो.

१७. शिकवून तयार केलेली पोरं पुण्याला, सुरतेला निघून जातात. मग शिकवायचं कशाला?

न शिकवलेली पोरं राहिली तर? जाणाऱ्याला अडवू नका. संहितेनुसार सोडल्यापासून दोन कामकाजाच्या दिवसांत पगाराचा हिशेब चुकता करायचा आहे. अनुभवपत्र अडवून ठेवणं तर निव्वळ हलकेपणा. तो निघताना त्याला कसं वागवलंत, हे मागे राहिलेले बारकाईने बघत असतात. आणि सुरतेचं भाडं, खोली, जेवण यांचा हिशेब मांडून त्यातले काही वर्षाने परत येतात. दार उघडं दिसलं तरच.

१८. आमच्याकडे कोणी सोडून जात नाही. म्हणजे सगळे समाधानी, बरोबर?

कदाचित. पण जवळपास दुसरा कारखानाच नसेल, घरी पाच एकर कोरडवाहू असेल, मुलगी दहावीला असेल, तर माणूस असमाधानी राहूनही वीस वर्षं टिकतो. राजीनाम्यांचा आकडा तुम्हाला हे सांगणार नाही.

मी एक वेगळाच प्रश्न विचारायचो. जुन्या माणसाला चहा पाजायचा आणि सहज म्हणायचं, 'आबा, बहिणीचा पोरगा आयटीआय झालाय ना, त्याला इथे लावायचा का?' जिथे लोक स्वतःहून भाच्याचा अर्ज आणून देतात, तिथे सर्व्हेची गरज पडत नाही. एका ठिकाणी अठरा वर्षं झालेला, एकही मेमो नसलेला ऑपरेटर होता. त्याने कपातला चहा संपवला, आजूबाजूला बघितलं आणि म्हणाला, 'त्याले मी सुरतले धाडसू.'